मुहूर्ताचा दाब

सातारच्या एमआयडीसीत लालासाहेबांचा फोर्जिंगचा, म्हणजे तापलेलं लोखंड दाबून घडवायचा, कारखाना होता. त्या कारखान्यात एक नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊन-पुसून पुजायची आणि त्या दिवशी एकही चालवायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मोठ्या प्रेसवर फक्त एकच काम करायचं. त्याला मुहूर्ताचा दाब म्हणत. हा दाब एकदा सुरू झाला की अर्ध्यात सोडायचा नाही. का, तर म्हणे एका साली मधेच लाइट गेली, दाब अर्धा राहिला, आणि पुढं वर्षभरात एका माणसाची बोटं गेली नि दोन मोठी गिऱ्हाइकं तुटली. आता बोटं जातात ती निष्काळजीपणानं आणि गिऱ्हाइकं तुटतात ती माल वेळेवर न पोचल्यानं. पण हे सांगायचं कुणाला? सांगणारा दुसऱ्या दिवशी गेटबाहेर.

अठ्ठ्याण्णव सालचा मुहूर्ताचा दाब अक्षताच्या सळईवर पडायचा होता.

अक्षता म्हणजे गेटवरच्या केरू हवालदाराची थोरली. केरू पलटणीतून रिटायर होऊन आला आणि लालासाहेबांच्या कारखान्यात वॉचमन म्हणून उभा राहिला, तो अजून तिथंच होता. पोरगी मात्र सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवत होती आणि जोडीला पीएचडी करत होती. ती कशात करतेय हे केरूला कुणी विचारलं, तर तो म्हणायचा, "लोखंडातच हाय कायतरी, पण लोखंड न्हाई ते." एवढं बोलून विषय संपवायचा. खरं तर त्याची छाती भरून यायची, पण दाखवायची सवय नव्हती.

ते 'लोखंड नाही ते' म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू. प्रेस चालवणाऱ्या कृष्णातला अक्षतानं पहिल्या दिवशी तो दाखवला, तेव्हा त्याची पाचावर धारणच बसली होती. तिनं एक तार वेडीवाकडी वळवली आणि कृष्णातच्या गरम चहाच्या ग्लासात सोडली. तार सळसळली आणि एका क्षणात सरळ झाली.

"आयला! भुताटकी हाय ही!" कृष्णात मागं सरला. तो चहा त्यानं प्यायला नाही तो नाहीच.

"भुताटकी नाही काका, हिला आपला मूळ आकार लक्षात राहतो. गरम केलं की परत येते. पण एक खोड आहे. पुन्हा पुन्हा वाकवली, पुन्हा पुन्हा तापवली, की दर खेपेला थोडी कमी परत येते. थकते."

"मग?"

"मग तिचं आतलं रवाळपण मोडायचं. आत बारीक बारीक कण असतात, ते आणखी बारीक करायचे. आडव्या-उभ्या भोकाच्या डायमधून तापवून दाबायची. वरून सरळ आत जायची, कोपऱ्यात काटकोनात वळायची आणि बाजूनं बाहेर यायची. असं पुन्हा पुन्हा. जाडी तेवढीच राहते, पण आत सगळं घुसळून निघतं. मग ती थकत नाही."

कृष्णातनं बराच वेळ डोकं खाजवलं. "जाडी बी तीच, लांबी बी जवळजवळ तीच. मग आमी दाबलं काय म्हणायचं? आमच्यात असल्या कामाला वाया गेलेला दिवस म्हणत्यात, प्रोफेसरीणबाई." असं म्हणाला खरा, पण सुट्टीच्या वारी तिच्यासाठी प्रेसवर उभा राहायचा तोच. लालासाहेबही भला माणूस, केरूच्या शब्दावर प्रेस वापरू दिली होती.

सळया सांगलीतल्या तिच्या गाइडच्या, भरतेश सरांच्या, ओळखीनं एका मोठ्या प्रयोगशाळेतून मिळाल्या होत्या. तसल्या सळया बाजारात मिळत नव्हत्या. पहिल्या काही शिकण्यातच गेल्या, कुठं तडकल्या, कुठं अडकल्या. आता एकच उरली होती. ती बाकीचे सगळे फेरे सुखरूप पार करून आली होती, शेवटचा एक फेरा राहिला होता, आणि लालासाहेबांनी यंदाच्या मुहूर्ताचा मान त्यालाच दिला होता. प्रयोगशाळेनं कळवलं होतं की दिवाळीच्या आत चाचणीचा निकाल दाखवा, नाहीतर हे काम इथंच थांबवा, आणखी सळई मिळणार नाही. म्हणजे ही सळई गेली की अक्षताची सगळी मेहनत गेली. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्यामुळं तिची झोप उडाली होती.

दसऱ्याच्या सकाळी पहिल्या एसटीनं ती साताऱ्याला आली. वस्तीत निळे झेंडे लागले होते. आई पांढरी साडी नेसून विहारात निघाली होती. त्यांच्या घरी हा दिवस धम्मचक्राचा. केरू दर वर्षी या दिवशी रजा टाकायचा, पण यंदा पोरीचं काम म्हणून खाकी घालून गेटवर हजर होता.

"जय भीम, आबा. सगळं ठीक ना?"

"ठीकच की. मालक आल्यात. आत चल, पर गप उभी ऱ्हा. आज लोकं हायत."

आत येऊन अक्षतानं प्रेसकडं बघितलं. डाय, म्हणजे सळई दाबायचा तो पोलादी साचा, ओळखू येत नव्हती. एरवी ती काळपट, राखाडी, ठिकठिकाणी डागाळलेली असायची. आज चकचकीत होती. वरच्या अंगाला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली, तेलाचा हात फिरवलेला, आणि ज्या भोकातून सळई आत जायची त्या भोकाच्या तोंडात झेंडूचं टपोरं फूल खोवलेलं.

बाहेरून एवढी घासलीय, तर आतून?

त्या भोकाच्या आतल्या भिंतीवर ग्राफाइटचा काळा थर होता. अक्षतानं तो थरावर थर देऊन, भाजून, पुन्हा देऊन बसवला होता. दिसायला काजळी, पण सगळं काम त्याच्या जिवावर चालायचं. टायटॅनियमला नुसतं पोलाद लागलं की ते त्याला चिकटतं आणि जिथल्या तिथं धरून बसतं. मधे तो थर असला तरच सळई घसरत पुढं जाते.

तिनं फूल काढायला हात पुढं केला.

"हात लावू नगंस." केरू तिच्या मागं येऊन उभा होता. आवाज अगदी हळू, पण पलटणीतला.

"आबा, मला फक्त आत बघायचंय."

"कृष्णातनं केलीय पूजा. त्येच्या हातचं फूल हाय. आपल्याला काय करायचंय? लोकं बघत्यात. आपल्यात पूजा नसती म्हणून मुद्दाम काढलं म्हणतील. आजच्या दिवशी नगं."

लहानपणापासून हे 'आपल्याला काय करायचंय' ती ऐकत आली होती. शाळेत, गावच्या पारावर, पाण्याच्या टाकीवर. बापाचा तिला राग आला आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. तिनं हात मागं घेतला.

तरी जीव राहवेना. कृष्णात नवा सदरा घालून, कपाळाला टिळा लावून आला तेव्हा तिनं आडून विचारलं, "काका, डायला आतून काही केलं नाही ना?"

"प्रोफेसरीणबाई, सगळं माझ्या हातानं केलंय. एक कण न्हाई ठेवला कुठं. काळजी करू नगंस." त्यानं हसून तिच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. "घ्या, सोनं घ्या."

एक कण नाही ठेवला म्हणजे काय? हे तिला विचारायचं होतं. तेवढ्यात लालासाहेब आले, त्यांनी नारळ फोडला, टाळ्या झाल्या, आणि "चला, डाय तापवायला घ्या, मुहूर्त टळायला नको," असा हुकूम सुटला. अक्षता सळई तापवायला भट्टीकडं धावली. फूल कृष्णातनंच काढलं, तेव्हा तिची पाठ होती. हीटर लागला, डाय तापू लागली, जळक्या तेलाचा वास सुटला. टॉर्च तिच्या पिशवीत होती. ती काढून एकदा भोकात मारली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण डाय तापल्यावर सगळे गोलाकार उभे राहिले, लालासाहेब घड्याळ बघू लागले आणि तिचा धीर झाला नाही. चिमट्यानं धरलेली लालसर सळई भोकात उतरली. वरून दट्ट्या खाली आला. कृष्णातनं हात जोडले आणि लिव्हर ओढला.

पंप घुमू लागला. अक्षता डायच्या अगदी समोर, तापमानाच्या मीटरशी उभी होती. दर वेळी तिची जागा तीच. दाबाच्या गेजचा काटा चढला, चढला, आणि जिथं दर वेळी थांबून स्थिर व्हायचा तिथं थांबला नाही. पुढं गेला.

"काका, जरा हळू."

"हळूच हाय."

दट्ट्या बोटभर खाली गेला आणि तिथंच खिळला. काटा मात्र चढतच होता. डायच्या आतून एक आवाज आला, दात खाल्ल्यासारखा, बारीक. अक्षताला लगेच कळलं. सळई भिंतीला चिकटली होती. आता जितकं दाबू तितकी ती घट्ट बसणार होती. आत्ता थांबलं तर नुसतं टोक खराब होईल, बाकी सळई वाचेल. आणखी रेटलं तर सळई गेलीच, आणि डायच्या दोन फाळक्या आवळून धरणारे बोल्टही जातील. जाताना ते सरळ समोर सुटतील. समोर ती स्वतः होती, पण त्या वेळी तिला सळईशिवाय काही सुचत नव्हतं.

"थांबवा! काका, थांबवा!"

कृष्णातनं मान हलवली. त्याचं कपाळ घामानं डबडबलं होतं, टिळा ओघळला होता. "मुहूर्ताचा दाब हाय. मधी सोडत न्हाईत."

"ती चिकटलीय! पुढं जाणार नाही!"

"जाईल. जरा जोर लागतोय. जाईल ती."

"मालक, तुम्ही तरी सांगा!"

लालासाहेबांनी घड्याळाकडं बघितलं. सगळी माणसं त्यांच्याकडं बघत होती. त्यांच्या आधी त्यांच्या बापानंही हा दाब आपणहून कधी सोडला नव्हता. "जरा बघू," ते म्हणाले. "कृष्णात, बघ जरा. घे थोडं अजून."

काटा लाल रेघेला लागला. आतला आवाज वाढला. एक बोल्ट टणकन वाजला, आणि जमलेली माणसं आपोआप दोन पावलं मागं सरली. अक्षता सरली नाही. ती मीटरवरची सुई आणि गेजवरचा काटा आळीपाळीनं बघत होती आणि "थांबवा, थांबवा" एवढंच म्हणत होती. रडत होती की काय तेही तिला कळत नव्हतं.

आणि एकदम सगळं बंद पडलं.

पंप थांबला. दिवे गेले. पंखा गरगरत हळू होत थांबला. दारापाशी मेन स्विचच्या पेटीसमोर केरू उभा होता. त्याचा हात अजून खाली ओढलेल्या दांडीवर होता.

सगळी माणसं दाराकडं वळली. मग लालासाहेब फुटले. "केरू! काय केलंस हे? अरे, काय केलंस?"

केरूनं टाचा जुळवल्या. 

"मुहूर्त मोडला! दहा माणसांच्या देखत! वर्षभर आता काय काय बघायला लागंल, हाय का जाणीव?" कृष्णात लिव्हर सोडून पुढं आला.  "कुणी सांगितलं तुला स्विचला हात लावाया?"

"आधी दाब काढा, काका," अक्षता म्हणाली. "पाया पडते. आधी दाब काढा."

कृष्णातनं एकदा तिच्याकडं बघितलं, मागं जाऊन झडप उघडली. दबलेलं तेल हिस्स करत परत गेलं आणि काटा खाली आला. तेव्हा कुठं अक्षतानं मोकळा श्वास घेतला. मग ती वळली. आता तिलाही राग आवरेना.

"भोकाच्या आत काळा थर होता. तो कुठं गेला?"

"घासला की," कृष्णात म्हणाला. "सगळी काजळी. एमरी पेपर घेऊन बोट घालून घालून घासली, घासलेटनं धुतली. देवापुढं काळं भोक ठेवू व्हय? पूजेला यंत्र कसं, आरशावानी पाहिजे. माझा बा पण असंच करायचा."

"ती काजळी नव्हती, काका! त्याच्यावरच सळई घसरते. ती गेली म्हणून चिकटली."

"मला काय ठावं?" तो चिडून म्हणाला, पण आवाज खाली आला होता. आपण किती मन लावून घासलं होतं ते त्याला आठवत असावं. "तू तर येवडी शिकलेली. मग सकाळी आल्या आल्या आत का न्हाई बघितलंस?"

अक्षतानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण नजर बापाकडं गेली.

"मी बघू दिलं न्हाई तिला," केरू म्हणाला.

"का?"

"तुझं फूल हुतं भोकात. तिनं काढलं असतं तर तू म्हणला असतास, ह्येंच्यात नसतं म्हणून मुद्दाम काढलं. म्हणून म्हणलं, हात लावू नगंस."

 लालासाहेबांनी उगाच चष्मा काढून पुसला. कृष्णातचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.  तो तिथून चालत शेडबाहेर गेला. हा गेला, अक्षताला वाटलं, आता प्रेसवर कोण उभं राहणार?

थोड्या वेळानं तो परत आला तेव्हा त्याच्या हातात मोठा पाना होता आणि अंगावर रोजचा तेलकट सदरा. "गार व्हायला पंखा लावा," तो कुणाकडंही न बघता म्हणाला. "लाइट चालू करा कुणीतरी."

डाय गार व्हायला दुपार झाली. बोल्ट त्यानं स्वतः सोडले. एक वाकला होता, तो त्यानं बाजूला ठेवला. दोन फाळक्या उघडल्या. भोकाच्या भिंती चांदीसारख्या उघड्या होत्या आणि सळईनं जिथं धरलं होतं तिथं लांब ओरखडे उठले होते. सळईचं टोक कोपऱ्यात वाकून चेपलं होतं. बाकी सळई सरळ होती. अक्षतानं ती उन्हात नेली, फिरवून फिरवून बघितली, नखानं चाचपली. तडा नव्हता. चेपलेलं टोक ग्राइंडरवर कापलं, ओरखडे घासून काढले, डायच्या भिंती गुळगुळीत केल्या आणि ग्राफाइटचे थर द्यायला बसली. थर वाळवून, भाजून, पुन्हा देणं चाललं होतं. कृष्णात शेजारी उकिडवा बसून बघत होता. दुसरी फाळकी त्यानं न सांगता घेतली आणि ब्रश चालवू लागला.

लालासाहेब आले. "मुहूर्त तर गेला," ते म्हणाले. "आता काय राहिलंय? करा काय करायचं ते." मग जरा थांबून केरूला म्हणाले, "तू पण बस जरा, हवालदार. सकाळपासून उभा हायस." एवढ्यावरच त्यांनी तो विषय मिटवला. एरवी त्यांचा राग चार चार दिवस उतरायचा नाही.

दिवस कलता कलता सळई पुन्हा भोकात गेली. या वेळी अक्षतानं टॉर्च मारून दोनदा आत बघितलं. नारळ नव्हता, टाळ्या नव्हत्या. काटा चढला, नेहमीच्या जागी आला आणि थांबला. अक्षतानं मीटर सोडून गेजकडं बघितलं. काटा हलला नाही. दट्ट्या खाली, अजून खाली, आणि बाजूच्या भोकातून लालसर टोक हळूच बाहेर डोकावलं. "आली!" कृष्णात ओरडला. तिनं ती चिमट्यानं धरून पाण्यात टाकली. वाफ उठली. ती तिथंच पत्र्याच्या डब्यावर बसली आणि तोंडाला रुमाल लावून मनसोक्त रडली.

पण सळई निघाली म्हणजे काम झालं असं नव्हतं. दुपारी ती भलत्या दाबाखाली राहिली होती, तापून निवली होती, आतून बिघडली असेल तर वरून कळणार नव्हतं. ते चाचणीतच कळायचं होतं.

चाचणीच्या दिवशी केरू सांगलीला आला आणि त्याच्याबरोबर कृष्णातही आला. "मला हळद घ्यायची हाय मार्केटातून," असं त्यानं येताच जाहीर केलं. कुणी विचारलं नव्हतं.

भरतेश सर कमी बोलणारे, साध्या पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि काम समजावलं. सळईतून कापलेली एक पट्टी यंत्रात धरली होती, तिला खाली वजन टांगलं होतं. वजनानं पट्टी वाकते. गरम केली की वजन उचलून सरळ होते. शेजारी एक काटा आणि मोजपट्टीवर खूण. काटा दर वेळी खुणेपर्यंत परत आला तर पास.

"साधी, न दाबलेली पट्टी आधी लावली होती," सर म्हणाले. "सुरवातीला येते खुणेवर. मग दर खेपेला थोडी खाली राहते. शेवटी बरीच खाली राहिली. आता ही बघू."

सुरू झालं. पट्टी वाकायची, तापायची, वजन उचलून सरळ व्हायची. काटा खुणेवर. पुन्हा. पुन्हा काटा खुणेवर. सकाळ सरली. केरू गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसला होता. कृष्णात दर वेळी काटा चढताना स्वतःची मान वर करायचा. एकदा काटा खुणेच्या किंचित खाली अडखळला आणि अक्षता पुढं झाली. सरांनी वाकून बघितलं, मीटरवर टिचकी मारली. पुढच्या खेपेला काटा पुन्हा खुणेवर आला, त्याच्या पुढच्याही खेपेला आला. सर सरळ उभे राहिले. हा माणूस कधी कुणाचं कौतुक करायचा नाही. ते म्हणाले, "अक्षता, ही थकत नाहीय." आणि यंत्र चालूच ठेवून चष्मा कपाळावर सरकवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. तेवढ्यानं तिला सगळं कळलं.

दुपारी तिघं कृष्णेच्या घाटावर डबा घेऊन बसली. नदीला पाणी चांगलं होतं. कृष्णातच्या मांडीशी हळदीची पिशवी होती, तिचा वास येत होता. भाकरी, पिठलं, ठेचा. केरूनं डबा उघडून मधे ठेवला आणि कृष्णातनं त्यातली अर्धी भाकरी मोडून घेतली, कारखान्यात रोज घ्यायचा तशीच. दोन घास खाल्ले आणि हात तसाच ठेवून तो नदीकडं बघत बसला.

"केरू," तो म्हणाला. "येवडी वर्सं एका डब्यात जेवतोय आपण."

"व्हय."

"आन् तू मला भ्यालास?"

 बाप आता नेहमीसारखं हसून 'असू दे रं' म्हणेल असं अक्षताला वाटलं. केरू हसला नाही.

"भ्यालो," तो म्हणाला.

"मी कवा तुला वाकडा शब्द बोललोय? सांग की. एक तरी."

"न्हाई बोललास. तू कवाच न्हाई बोललास, कृष्णात. पर तुझ्या आधी बोलणारी लय हुती." केरूनं ठेच्यात भाकरी बुडवली. "त्यातला तू न्हाईस, हे मला ठावं हाय. पर ऐन वक्ताला ते मनात येतंच बघ."

कृष्णातनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि ते लपवायची त्यानं काही खटपट केली नाही. बराच वेळ तो भाकरीचा तुकडा बोटांत चुरत होता.

"मग त्या दिवशी?" तो शेवटी म्हणाला. "मालक समोर, सगळी माणसं समोर, मी लिव्हरवर. मेन स्विच वडलास की तू. तवा न्हाई भ्यालास?"

"भ्यालो की," केरू म्हणाला. "माझा हात बघायला पाहिजे हुतास. लटलट कापत हुता. पर ते बोल्ट सुटलं असतं तर समोर पोरगी हुती."